करमत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

लग्नानंतर लेक पहिल्यांदा माहेरी आली की आई स्वयंपाकघरात हळूच विचारते, "करमतं का गं तिकडे?" सासू कशी, नवरा कसा, जेवतेस का पोटभर, सगळं त्या एका प्रश्नात आलं. लेक "करमतंय की" म्हणते आणि आवाज कसा लागला त्यावरून आईला कळायचं ते कळतं.

याच करमण्यावरून करमणूक हा शब्द आला. आपण मात्र दोघांची ताटातूट केली. करमत नाही ही मनाची तक्रार झाली आणि करमणूक म्हणजे सगळी कामं आटोपल्यावरचा रिकामटेकडा उद्योग. गाव सोडून आलेल्या बाईच्या मनाचं काय होतं आणि तिथे खेळाचा काय उपयोग, हे समजून घ्यायचं तर हे दोन शब्द पुन्हा शेजारी बसवायला हवेत.

आधी गाव सोडून येतं कोण ते पाहू. स्थलांतर म्हटलं की डोळ्यांपुढे ट्रंक घेऊन जनरल डब्यात घुसणारा पुरुष येतो. केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमशक्ती पाहणीत पुरुषांपैकी १०.७ टक्के स्थलांतरित निघाले आणि बायकांपैकी ४७.९ टक्के. त्या बायकांपैकी ८६.८ टक्क्यांच्या नावापुढे कारण लिहिलं गेलं, लग्न. त्यातली गोम अशी की मुख्य म्हणून एकच कारण नोंदलं जातं. लग्न करून पुण्यात आलेली आणि आठवड्याभरात नवऱ्यामागून बांधकामावर घमेली वाहायला लागलेली बाई कागदावर कायम 'लग्नामुळे आलेली'च राहते. बीडकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघणाऱ्या जोडप्याचंही तेच. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ मिळालेले पैसे, बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. मोजणीतच जी अर्धी आहे तिला करमतं का, हे विचारणार कोण?

नव्या जागी आल्यावर तिचं जे तुटतं ते बहुतेक फार बारीकसारीक असतं. गावात पाण्याला जाताना दोघी भेटतात, दळणाला एक भेटते, कुणी ओट्यावरून हाक मारतं. यातली एकही गोष्ट 'मानसिक आधार' म्हणून ठरवलेली नसते. पण दिवसातून दहा वेळा कुणीतरी आपल्याला नावाने ओळखतं आणि काल डोकं दुखत होतं ते आज विचारतं. शहरात ती पत्र्याच्या खोलीत येते. शेजारीण तेलुगू बोलते, पलीकडची भोजपुरी. नवरा कामावर, मूल झोपलेलं. तासन् तास डोक्यात एकच विचार गोल फिरत राहतो. आईची आठवण, तिथून उचल, तिथून मुलाचा खोकला, फिरून आई.

त्यातून झोप तुटते, जेवण जात नाही, अंग दुखतं. बाई दवाखान्यात जाते ती अंगदुखीसाठी. डॉक्टर ताकदीच्या गोळ्या देतात. मनाचं कुणी विचारत नाही, तीही सांगत नाही, कारण तिच्या लेखी मनाचा आजार म्हणजे वेड. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की नैराश्य असलेल्या दर शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. परक्या मुलखात, परक्या भाषेत, खाडा झाला की मजुरी जाणाऱ्या बाईपर्यंत ते कसे पोचणार?

आता खेळाकडे येते. आमच्या पहिल्या फजितीपासूनच सांगते.

पुण्याच्या पश्चिमेला एका बांधकामाच्या लेबर कॅम्पवर आम्ही चौघी जायला लागलो. बाजाराच्या दिवशी तिथे अर्धी सुट्टी असते. पहिल्या दिवशी आम्ही हौसेने फलक लावला, 'महिलांसाठी मानसिक आरोग्य मार्गदर्शन'. पाच जणी आल्या. दोघींना वाटलं रेशन कार्डाचं काहीतरी आहे. एकीने मूल दाखवायला आणलं होतं. चौथी हसून म्हणाली, "दीदी, इधर कोई पागल नहीं है," आणि पाचवी तिच्याबरोबर निघून गेली. तो फलक आमच्यातल्या एकीच्या माळ्यावर अजून आहे.

पुढच्या खेपेला फलक नव्हता. आम्ही नुसत्या वाट बघत बसलो होतो. आमच्यातल्या एकीने चाळा म्हणून ढिगातले खडीचे पाच खडे उचलले आणि सागरगोट्यांसारखे झेलायला लागली. समोर ओट्यावर तेलंगणातली एक बाई तांदूळ निवडत होती. तिसऱ्यांदा खडा निसटला तशी तिने ताट बाजूला ठेवलं, येऊन आमच्या मैत्रिणीच्या हातातले खडे काढून घेतले, दोन परत ढिगात टाकले आणि गोलसर असे दुसरे दोन शोधून आणले. खडी टोकेरी असते, झेलताना टोचते. तिचे तळवे मात्र घमेल्याने इतके कडक झालेले की तिला ती टोचत नव्हती. एकेक, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. शेवटी पाचही खडे उडवून हाताच्या पाठीवर झेलले. आम्हाला तिची भाषा येत नव्हती. तिला आमचं मराठी येत नव्हतं. हरलो हे आम्हाला न सांगता समजलं.

तासाभरात नऊ जणी गोळा झाल्या. छत्तीसगडच्या दोघी म्हणाल्या, आमच्याकडे फुगडी असते. आम्ही खूश होऊन हात पुढे केले. त्या खाली उकिडव्या बसल्या आणि पाय आळीपाळीने पुढेमागे टाकत उड्या मारायला लागल्या. दोन क्षण कुणालाच काही कळेना. मग आमच्यातली एक ओरडली, "अगं, ही तर आपली बसफुगडी!" तिकडे फुगडी म्हणजे हीच. शब्द एक, खेळ दोन, आणि दोन्ही आपापल्या आज्यांकडून आलेले. त्या दिवशी आम्ही मनाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

यात औषधासारखं काय आहे? एक तर डोक्यात गोल फिरणाऱ्या विचाराला जागा लागते. एका वेळी मन फार थोड्या गोष्टी धरून ठेवू शकतं. वर उडालेला खडा, खालचे चार, आणि पुढची पाळी कुणाची, एवढ्यात ती जागा भरते. ऑक्सफर्डमध्ये अपघात होऊन रुग्णालयात आलेल्या ७१ जणांवर एक प्रयोग झाला. काही तासांच्या आत त्यांतल्या निम्म्यांना अपघात आठवायला सांगून ठोकळे जुळवायचा टेट्रिस हा खेळ खेळायला दिला. पुढच्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांपुढे अपघाताची दृश्यं नको असताना येण्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं. ताज्या धक्क्याची आणि घर सुटल्याच्या जुन्या दुखण्याची गोष्ट एक नाही, तेव्हा हा प्रयोग ओढूनताणून सगळीकडे लावू नये. पण हात आणि डोळे गुंतले की मनाची काही जागा अडते, एवढं त्यातून पटतं.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरं, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारी गोव्यात आहे. उदास माणूस काय करतो? बाहेर जाणं सोडतो. बाहेर गेला नाही की बरं वाटेल असं काही घडायची शक्यता उरत नाही. म्हणून आणखी उदास होतो आणि आणखी घरात बसतो. आपण त्याला म्हणतो, आधी बरं वाटू दे, मग जा. मानसोपचाराची एक पद्धत याच्या उलट सांगते. आधी जा, बरं नंतर वाटेल. छोटं, ठरलेलं, जमेल असं काम मनाची इच्छा व्हायची वाट न पाहता करायचं आणि मग कसं वाटलं ते बघायचं. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने हीच पद्धत प्राथमिक आरोग्य केंद्रांत वापरून पाहिली. समुपदेशक म्हणून डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती, आणि भेटी सहा ते आठ. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवरचा हा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

बाजाराच्या दिवशी चार वाजता खडे घेऊन बसायचं, हे तसंच छोटं, ठरलेलं काम आहे. शिवाय खेळाला गडी कमी पडला की हाक येते. "तू का आली नाहीस? डाव अडला ना!" परक्या गावात आपल्यावाचून काहीतरी अडलं, हे ऐकायला मिळणं किती मोठं आहे, ते एकट्या पडलेल्या बाईला विचारा.

सूर आणि ताल यांचंही काम आहे. ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी प्रौढांच्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला. कुणी गाण्याच्या वर्गात, कुणी हस्तकलेच्या, कुणी लेखनाच्या. शेवटी सगळेच आपापल्या वर्गात सारखेच रुळले, पण गाणाऱ्यांची जवळीक सर्वांत आधी झाली. ज्या गटात भाषा एक नाही आणि कोण कधी दुसऱ्या साइटवर हलेल सांगता येत नाही, तिथे हे 'आधी' फार मोलाचं. झिम्म्याला समोरचीचं नाव माहीत असावं लागत नाही. टाळी कुठे पडणार तेवढं कळलं की झालं.

आणि मग बोलणं. ते येतं, पण वाकड्या वाटेने. चौथ्या की पाचव्या आठवड्यात छत्तीसगडची धाकटी खडा वर उडवताना म्हणाली, "भाई गुज़र गया था मेरा, जा नहीं पाई." नजर खड्यावरच होती. कुणी डाव थांबवला नाही. तेलंगणावालीने फक्त स्वतःची पाळी सोडून तिला आणखी एकदा खेळू दिलं. समोरासमोर खुर्च्या मांडून "तुम्हाला काय त्रास आहे?" असं विचारलं असतं तर हे वाक्य बाहेर आलं नसतं. गावाकडे बायका मन मोकळं करतात ते शेंगा फोडताना, गोधडी शिवताना. हात चालू असले की जीभ सुटते आणि डोळ्यांना डोळे भिडवावे लागत नाहीत.

झिंबाब्वेत हे नीट बांधून काढलंय. राजधानी हरारेत २००५ साली सरकारने झोपडपट्ट्यांवर बुलडोझर घातले आणि लाखो लोक उघड्यावर आले. पुढच्या वर्षी डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने म्बारे भागात १४ आज्यांना हाताशी धरलं. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर आजी, आणि शेजारी ज्याला बोलायचंय तो. नैराश्य हा शब्द त्यांनी वापरला नाही. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपल्याकडची "डोक्यात विचार राहतात" ही तक्रार आणि ही, सख्ख्या बहिणीच. ५७३ जणांवर केलेल्या चाचणीत सहा महिन्यांनी बाकावर बसलेल्यांपैकी १३.७ टक्क्यांत नैराश्याची लक्षणं उरली होती, नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ४९.९ टक्क्यांत. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. बाकावरच्या भेटींनंतर बायका गटात येतात, गोल बसतात आणि जुन्या प्लास्टिकच्या पट्ट्यांपासून पिशव्या विणतात. विणता विणता बोलतात आणि पिशवीचे दोन पैसेही होतात.

आपल्याकडच्या जुन्या बायकांना यात नवल वाटलं नसतं. मंगळागौर लग्नानंतरची पहिली पाच वर्षं पूजतात. म्हणजे मुलगी नव्या घरी रुळायची असते नेमकी तीच वर्षं. पूजा सकाळी आटपते आणि रात्रभर जागरण, झिम्मा, पिंगा, आगोटा-पागोटा, गाठोडं. सून एरवी मान वर करून बोलत नाही, पण त्या रात्री खेळात सासूची नक्कल करते आणि सासू हसते. भोंडल्याच्या गाण्यांत माहेरी जायची परवानगी मागणारी सून असते आणि सासरचं एकेक माणूस तिला पुढच्या माणसाकडे धाडत राहतं. गाऱ्हाणं सगळ्यांदेखत गायचं, फेर धरून, आणि वर खिरापत खायची. याला आपण धार्मिक रीत म्हणत आलो. मला तो घर सोडून आलेल्या पोरींचा आधारगट दिसतो.

पण त्याचे फार गोडवे गाऊ नयेत. त्या फेरात विधवेला जागा नव्हती. जातीबाहेरच्या बाईला नव्हती. आज परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांत मंगळागौरीचे खेळ जोरात होतात आणि त्यांचा आधार खरा आहे. अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावरच्या नवऱ्यामागून गेलेल्या आपल्या मुलींना २६ मे २०१५ पर्यंत नोकरीची परवानगीच नव्हती आणि त्यानंतरही ठरावीक जणींनाच मिळाली. डिग्री घेऊन घरात बसलेल्या मुलीला रविवारची तालीम काय असते ते तिलाच ठाऊक. तरी तिथेही नऊवारी, नथ आणि कुंकू ही खेळाची अट झाली तर घटस्फोटित मुलगी दारातूनच परत जाते. आमच्या कॅम्पवर म्हणून सण नाही, फक्त खेळ. दोघी मुसलमान आहेत आणि सागरगोट्यांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही.

कुणाला असा गट सुरू करायचा असेल तर आमच्या चुकांतून कळलेलं थोडंफार सांगते. वेळ बायकांना विचारून ठरवा, आणि ती दर आठवड्याला तीच ठेवा. तुम्ही एकदा चुकलात तर पुढच्या वेळी निम्म्या येतात. मुलांची सोय आधी करा, नाहीतर डाव म्हणजे मुलांच्या मागे धावणं. पत्ते नेऊ नका. पत्ते म्हटलं की नवऱ्यांना जुगार आठवतो, आणि काही बायकांनाही, कारण मजुरी तिकडेच गेलेली असते. कंबर दुखणारी, दिवस गेलेली, नुकती बाळंतीण, हिला बसून खेळता येईल असा एक तरी खेळ हवा. बक्षीस ठेवू नका. आम्ही एकदा स्टीलचा डबा ठेवला आणि त्यावरून झालेलं भांडण मिटवायला दोन आठवडे गेले. फोटो तर काढूच नका. घरी "मैत्रिणीकडे जाते" सांगून आलेली बाई तुमच्या मोबाइलमुळे अडचणीत येते. आणि खेळ तुम्ही शिकवू नका, त्यांच्याकडून शिका. ज्या बाईला दिवसभर सगळे नुसते हुकूम सोडतात, तिने तुम्हाला "ऐसे नहीं, ऐसे" म्हणून हात धरून दाखवणं, हा अर्धा उपचार आहे.

काही वेळा खेळ पुरत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, बाळाकडे बघावंसंही वाटत नाही, किंवा "जगून काय करू" असं बोलणं असेल तर थांबू नये. टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ हा नंबर, फुकट, रात्रंदिवस, मराठीतही बोलता येतं. तिच्याऐवजी तुम्ही लावून दिलात तरी चालेल, पण फोन लागेपर्यंत शेजारी बसा. घरात मारहाण असेल तर १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. मार खाणाऱ्या बाईला "खेळायला ये, बरं वाटेल" म्हणणं ही तिची थट्टा आहे.

आणि थकलेली मजुरी, बिनदाराचं न्हाणीघर, अंधार, यांवर फुगडी हा उपाय नाही. हे न मानणारे लोक भेटतात. एका अधिकाऱ्याने आम्हाला कौतुकाने सांगितलं, "बायका आनंदी राहिल्या की तक्रारी कमी होतात." आमचा अनुभव उलटा आहे. झारखंड आणि ओडिशात एकजुट या संस्थेने गावोगाव बायकांचे गट बांधले होते. महिन्याला बैठक, त्यात गोष्टी, चित्रांचे पत्ते आणि खेळ. खेळातून बाळंतपणाच्या अडचणी निवडायच्या आणि मग गावाने मिळून उपाय करायचा. २०१० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू घटलेले दिसले आणि तिसऱ्या वर्षी आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्य ५७ टक्क्यांनी कमी होतं. तिथे नैराश्यावर कुणी भाषण दिलं नव्हतं. बायका एकत्र बसत होत्या, आणि बसून त्यांनी काहीतरी घडवून आणलं होतं.

आमच्या कॅम्पवर तिसऱ्या महिन्यात डाव चालू असताना विषय निघाला, रात्री शौचालयाकडे जायची वाट अंधारी आहे. प्रत्येकीला वाटत होतं भीती आपल्यालाच वाटते. एक म्हणाली, मी संध्याकाळपासून पाणीच पीत नाही. दुसरी म्हणाली, मीपण. खडे खाली राहिले. दुसऱ्या दिवशी अकरा जणी मिळून सुपरवायझरकडे गेल्या आणि तेलंगणावाली सर्वांत पुढे होती, मोडक्या हिंदीत. दिवा लागायला तीन आठवडे गेले. आता त्या पाळणाघर मागतायत. ठेकेदाराने अजून उत्तर दिलेलं नाही.